शनिवारचं घर

अंबडला आमच्या कंपनीला सुट्टी शनिवारची,
आणि शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणतात.
सासूबाईंनी दोनदा आठवण केली, सिन्नरहून, फोनवर.
मी म्हटलं, घर कुठंय अजून?
चार खुंट्या, फक्कीच्या रेघा, कडेला एक लिंबाचं रोप.
घरात कसं येईल लोखंड?
त्या हसल्या नाहीत.
टेम्पो मात्र आला, मागे लांबलचक सळ्या लोंबत,
टोकाला माझ्याच जुन्या लाल बनियनची चिंधी.

पाथर्डीच्या पुढे, नळ न आलेल्या गल्लीत
दीड गुंठा.
थापी घेतली भद्रकालीतून, आणि ओळंबा,
पितळी, मुठीत मावेल एवढा.
आठवडाभर तो डब्याच्या पिशवीतून
कंपनीत नेला आणि आणला, उगाच.

कंपनीत मी माल तपासतो.
वीस मायक्रॉन जास्त भरला की लाल खडूची फुली,
बाजूचा ट्रे. कुणाची भीड नाही.
इथे माल म्हणजे चार घमेली वाळू, एक सिमेंट,
आणि फुली मारणारा मीच, कालवणाराही मीच.
पहिल्या भिंतीचा पाचवा थर
तीन शनिवार उतरवला, तीन शनिवार चढवला.
वैजयंता पाणी मारत होती.
म्हणाली, हा जॉब पास होणार आहे का या जन्मात?

समोरच्या ओट्यावर लहानू मिस्तरी तंबाखू मळत बसायचे,
गुडघे गेलेले, नजर शाबूत.
मला सर म्हणायचे.
टोमणा होता की मान, शेवटपर्यंत कळलं नाही.
"सर, वीट आधी भिजवा.
तहानलेली वीट मालातलं पाणी पिऊन टाकते.
मग तुम्ही मोजत बसा."

विटा एकलहऱ्याच्या राखेच्या, करड्या.
वीज करून उरलेली राख,
पाळी करून उरलेला वेळ.
ओव्हरटाइम लागला की शनिवार जायचा,
पण त्या गेलेल्या शनिवारातून
सिमेंटच्या चार गोण्या यायच्या.

संध्याकाळी थापी धुताना
समोर पांडवलेण्यांचा डोंगर काळा पडत जायचा.
तिथे कुणीतरी एकही वीट न रचता घर केलं,
नको तेवढा दगड काढून.
घाव चुकला तर परत चिकटवता येत नाही.
मला थर उतरवायची सोय होती,
म्हणूनच उशीर झाला असेल.

स्लॅबला एकट्याचं चालत नाही.
सतरा जण आले, टूलरूमचे, पेंटशॉपचे,
सगळ्यांचीच सुट्टी शनिवारची.
सासूबाई आल्या, नारळ आणि तेलाची बाटली घेऊन.
कॉलममधून वर निघालेल्या सळ्यांना
एकेकीला बोटभर तेल लावलं, शेंदूर लावावा तसं.
बोलल्या काही नाहीत.
मीही नाही.

मागच्या दाराची चौकट सहा मिलिमीटर बाहेर गेली.
मायक्रॉनमध्ये सांगायला नको.
लहानू मिस्तरींना विचारलं, काढू का?
ते काठी टेकत आले, दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं.
"राहू द्या. जरा उचलून ढकला.
चोराला कळायला वेळ लागेल."

त्या रात्री चौकटीशेजारच्या विटेवर
सवयीने लाल फुली मारली.
पुढच्या शनिवारी गिलावा केला.
आत आहे ती अजून.

धाकटी शाळेतून येते,
दप्तर पाठीवरच,
कमरेने दार थोडं उचलते
आणि आत जाते, आईला हाका मारत.